बेसिनखालचा नट

तपासनीस दहाला येणार होता आणि बोर्गहिल्डने आठपासूनच वॅफल करायला घेतले होते.

"आई, तो घर तपासायला येतोय, मागणी घालायला नाही," सिन्नोवे म्हणाली.

"उपाशी माणूस जास्त दोष काढतो," बोर्गहिल्ड म्हणाली आणि पुढचं डावभर पीठ साच्यात ओतलं.

सिन्नोवे आदल्या संध्याकाळी बर्गनहून आली होती, सहा तास गाडी चालवून, आणि येताना सरकारी नियमांची अख्खी फाइल छापून घेऊन आली होती. चाळीस वर्षं शाळेत काढलेली बाई. कागद हातात नसला की तिला आपण उघड्यावर उभे आहोत असं वाटायचं. फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना चढणं संपलं, घर विकायचं ठरलं. तिथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. आई पुढे राहणार कुठे, यावर काल रात्रीपासून भावाशी वाजलं होतं. सिन्नोवेच्या बर्गनच्या इमारतीत दोन मजले खाली एक फ्लॅट रिकामा होता. आर्नफिनचं म्हणणं, ब्याऐंशीव्या वर्षी माणूस उपटून दुसरीकडे लावू नये. इथे हेग्विकमध्येच, वृद्धाश्रमाला लागून, नगरपालिकेची छोटी घरं आहेत, त्यातलं एक घ्यावं.

"तुला काय, तू दोन आठवडे समुद्रात तेलाच्या फलाटावर असतोस," सिन्नोवे म्हणाली होती.

"आणि चार आठवडे घरी."

"स्टाव्हांगरच्या घरी. इथे नाही."

यावर आर्नफिनने मासा परतायला घेतला होता.

तपासनीस तारयेई बरोबर दहाला आला. पस्तिशीचा, उंच, दाराशी बूट काढताना मोज्याला पडलेलं भोक लपवणारा. त्याने आधी दोन वॅफल तपकिरी चीज घालून खाल्ले, मग काम सुरू केलं.

"आमच्या वेळी एवढं नव्हतं," बोर्गहिल्ड त्याच्या मागे मागे काठी टेकत फिरत होती. "घेणारा यायचा, भिंतीवर थाप मारायचा, 'आहे तसं घेतलं' म्हणायचा, झालं."

"ते कायद्यानेच बंद केलं, काही वर्षांपूर्वी," तारयेई म्हणाला. "आता 'आहे तसं' असं काही नसतं. जे आहे ते सगळं लिहायचं. मी माझ्या अहवालात, तुम्ही तुमच्या स्वघोषणापत्रात. काही लपवलं तर घेणारा पाच वर्षं तुमच्याकडे दाद मागू शकतो."

"पाच वर्षं फोन करू शकतो?"

"करू शकतो."

"मग निदान कोणीतरी करेल," बोर्गहिल्ड म्हणाली.

तारयेई हसला. सिन्नोवेला हसू आलं नाही. ती दर रविवारी न चुकता फोन करायची, साडेसहाला, बातम्यांच्या आधी.

छपराला दोन मिळाले.

"गळतं का?" बोर्गहिल्डने विचारलं.

"नाही."

"मग दोन कशाला?"

"शून्य म्हणजे नवं कोरं. तीन म्हणजे गंभीर. निम्म्याहून जास्त आयुष्य झालं की चांगलं असलं तरी नियमाने दोनच."

"म्हणजे मलाही दोनच."

"मी माणसं तपासत नाही," तारयेई म्हणाला, आणि शिडी मिटताना हळूच म्हणाला, "पण हो, दोन."

न्हाणीघराच्या भिंतीला मागच्या बाजूने, झोपायच्या खोलीतून, भोक पाडावं लागणार होतं. तसा नियम आहे, आत ओल आहे का ते बघायला. त्याला मालकिणीची संमती लागते. केवढं भोक, तर कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढं. "पाड," बोर्गहिल्ड म्हणाली. तारयेईने यंत्र लावलं, भिंतीतून भुसा उडाला, मुलांच्या बाबांच्या, सिग्वालच्या हातचं अडुसष्ट सालचं लाकूड पहिल्यांदा उजेडात आलं. तारयेईने आत सुई खुपसली. कोरडं ठणठणीत. बोर्गहिल्डने मुलांकडे असं पाहिलं, जणू अकरा वर्षांपूर्वी गेलेला नवरा आत्ताच परीक्षेत पास झाला होता.

घोटाळा पुढे झाला. तारयेई स्वयंपाकघरातल्या सिंकखाली विजेरी घेऊन आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही.

"इथलं काम कोणी केलंय?"

"का?" आर्नफिन पुढे झाला.

"पाइप चांगला आहे. पण हा नट इतक्या वेळा खोललाय आणि आवळलाय की त्याचे कोपरे झिजून गोल झालेत." त्याने मान बाहेर काढली. "तळघरातल्या कपडे धुण्याच्या मशिनच्या नळीचंही तेच. जिन्याच्या कठड्याचे स्क्रू, तेही. काही मोडलेलं नाही. फक्त पुन्हा पुन्हा ढिलं झालंय. आणि असं आपोआप होत नाही."

बोर्गहिल्ड कपड्याने टेबल पुसत राहिली, पुसलेलंच टेबल.

शेवटी न्हाणीघरातलं बेसिन. खालचं छोटं कपाट उघडल्याबरोबर कुबट वास आला. तळाची फळी फुगून पावासारखी झाली होती, खालची जमीनही मऊ पडली होती.

"याला मात्र तीन द्यावे लागतील," तारयेई म्हणाला. "थेंब थेंब गळतंय, चार-पाच महिने तरी. गंमत म्हणजे हा नट वेगळा. याच्यावर पान्याची एकही खूण नाही. नवा नट हाताने फिरवून तसाच सोडून दिलाय. ज्याने कोणी केलं तो निष्काळजी माणूस होता."

"नव्हता," बोर्गहिल्ड म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. ती काठी टेकत कॉफी आणायला गेली.

*

तारयेईची गाडी वळणावरून गेली तरी भावंडं बाहेर पायऱ्यांवर उभीच होती. समोरच्या डोंगरावर अजून बर्फ होतं, खाली कारखान्याच्या धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर जात होता. गल्लीपलीकडे हाल्वदानचं पिवळं घर, पडदे ओढलेले. हाल्वदान म्हणजे बाबांचा कारखान्यातला जोडीदार, लग्न न केलेला. जानेवारीत त्याला झटका आला. आता तो वर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होता.

"नट आपोआप ढिले होत नाहीत," आर्नफिन म्हणाला. त्याचा जन्म नटबोल्टांत गेला होता. तेलाच्या फलाटावर एक नट ढिला निघाला तरी चौकशी बसते.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी करतंय. आणि घरात माणूस एकच."

सिन्नोवे म्हणाली, "मागच्या महिन्यात तिने मला एकाच फोनवर दोनदा विचारलं, जेवलीस का म्हणून."

"काल मला म्हणाली हाल्वदान कसा आहे. मला कसं माहीत असणार? वृद्धाश्रमापासून चारशे मीटरवर ती राहते."

दोघांच्या मनात एकच शब्द होता. सिन्नोवेने तो उच्चारला नाही, नुसतं म्हणाली, "डॉक्टरांची वेळ घेऊ. विसरण्याची तपासणी असते."

"हं." आर्नफिनने हात खिशात घातले. "मग बर्गनच बरं. इथे एकटीला कसं ठेवणार? नट सोडून उद्या शेगडी चालू ठेवेल."

काल रात्रभर भांडून जे मिळालं नव्हतं ते सिन्नोवेला आता फुकट मिळालं. पण तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. लहानपणी अंधाऱ्या तळघरात दोघं एकमेकांचा हात धरून उतरत, तसं वाटलं. तिने भावाच्या बाहीला हात लावला.

"फ्लॅटला हो कळवते आजच. आईला संध्याकाळी सांगू."

स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी होती. वॅफलचा धूर जावा म्हणून सकाळी सिन्नोवेनेच ती उघडली होती.

*

"आत या," बोर्गहिल्डने आतून हाक मारली. "आणि तुझी ती फाइल घेऊन ये, सिन्नोवे."

ती टेबलापाशी ताठ बसली होती. समोर स्वघोषणापत्र, चष्मा, पेन. ऐकलेल्या प्रत्येक शब्दाने तिला आतून सोललं होतं, पण रडण्याची ही वेळ नव्हती. आता आपण बोललो नाही तर आपला निकाल दुसरेच लावणार, हे तिला पक्कं कळलं होतं.

"सहावा प्रश्न वाच."

सिन्नोवेने वाचलं. "घरात परवाना नसलेल्या व्यक्तीने, स्वतः मालकाने किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही काम केलं आहे का? असल्यास काय, कधी, कोणी, कशासाठी." मग ती हळुवार आवाजात म्हणाली, "आई, याला 'माहीत नाही' लिहिलं तरी चालेल."

"मला माहीत आहे. लिही. स्वयंपाकघरातला नळ, एकोणीस वेळा."

"एकोणीस?"

"अकरा वर्षांत. फार नाही. मशिनची नळी, सात. कठडा, नऊ. तळघराच्या दाराची बिजागरी, पाच, ती फार जड आहे. बाहेरचा दिवा, तीन. कोणी केलं? हाल्वदानने."

"आणि कशासाठी?" आर्नफिनने विचारलं. तो अजून दारातच उभा होता.

"ढिलं झालं म्हणून."

"कसं ढिलं झालं, आई?"

"मी केलं. बाबांच्या पान्याने. आणि मला विसरायला होत नाही, आर्नफिन. तुमची ती तपासणीची वेळ दुसऱ्या कोणाला द्या."

आर्नफिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खिडकीकडे पाहिलं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या हेग्विकमध्ये बिनकामाचं कोणी कोणाच्या घरी जात नाही. गेलंच तर दारात उभं राहून आधी काम सांगायचं. करवत हवीय, सरपणाची गाडी कधी येणार, तुमची मेंढी आमच्या कुंपणात शिरली. काम सांगून झालं की मग 'कॉफी घेणार?' आणि मग दोन तास बसलं तरी कोणी मोजत नाही. पण काम पाहिजे. विधवेच्या घरी अविवाहित माणसाने जायचं तर चांगलं दणदणीत काम पाहिजे. बिनकामाचं बोलावणं म्हणजे आमच्याकडे लग्नाचंच बोलावणं समजतात.

"बाबा गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात खरंच नळ गळला होता," बोर्गहिल्ड म्हणाली. "हाल्वदान आला. नट आवळला. कॉफी घेतली. कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगितल्या. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलले होते. मग तीन आठवडे मी वाट पाहिली, अजून काही मोडतंय का. काहीच मोडेना. तुझ्या बाबांनी घर फार मजबूत बांधलंय."

"मला फोन करायचास," आर्नफिन म्हणाला.

"केला होता. पहिल्याच वर्षी, बिजागरी निघाली म्हणून. तू फलाटावरून फोन करून माणूस पाठवलास. चांगला मुलगा होता. वीस मिनिटांत उरकून गेला, कॉफीलाही थांबला नाही. बिल तू भरलंस." तिने चष्मा काढला. "मला बिजागरी नको होती रे."

आर्नफिन खुर्चीवर बसला. तो ते बिल विसरला होता. आता त्याला आठवलं की ते भरताना त्याला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं.

"सरळ बोलवायचंस ना हाल्वदानला," सिन्नोवे म्हणाली. "कॉफीला ये म्हणायचं. त्यात काय?"

"काय म्हणून बोलावू?"

"अगं, एकटं वाटतं म्हणून."

"असं कोणी म्हणतं का?" बोर्गहिल्डला खरोखर आश्चर्य वाटलं. "तू म्हणतेस?"

सिन्नोवेच्या घटस्फोटाला सहा वर्षं झाली होती. फ्लॅट दोन मजले खाली का हवा होता, हे तिने भावाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. नियमांची फाइल होती, गुडघ्याचं कारण होतं, जिन्याचं कारण होतं. तिनेही कामच काढलं होतं.

"बर्गनला मला कोणाकडे काही काम नाही," बोर्गहिल्ड म्हणाली.

"मी आहे ना."

"तू आहेस. पण तुझ्याकडे वर यायलाही मला रोज काहीतरी शोधावं लागेल. तू म्हणशील, आई, नुसती ये. आणि मला नुसतं येता येणार नाही. मला तसं शिकवलेलंच नाही."

सिन्नोवेचे डोळे भरले. तिने पेन उचललं आणि कागदावर वाकून विचारलं, "आणि बेसिन? तो नट?"

"त्याला मी हात लावला नाही."

"आई, आता सगळं सांगितलंस..."

"नाही लावला म्हणते ना. नोव्हेंबरात जुना नट खरंच चिरला होता. हाल्वदानने नवा बसवला. त्यानंतर मी ते कपाट उघडलंही नाही, गुडघ्याने वाकता येत नव्हतं." ती थांबली. "जाताना म्हणाला, 'काही झालं तर सांग.' दारात पुन्हा म्हणाला. गल्लीतून वळून तिसऱ्यांदा म्हणाला."

आर्नफिनने आईकडे पाहिलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं कारखान्यात नट आवळले, तो एकच नट हाताने फिरवून तसाच कसा सोडेल, हे त्याच्याही लक्षात यायला लागलं होतं.

"तू त्याला भेटायला गेली नाहीस," तो म्हणाला. "जानेवारीपासून."

"काय सांगून जाऊ? तिथे दुरुस्तीला पगारी माणसं आहेत."

आर्नफिनने बहिणीपुढचा कागद ओढून घेतला आणि सहाव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, काय, कधी, कोणी, कशासाठी. बेसिनचं 'कशासाठी' रिकामं आहे. सरकारी कागद आहे, अर्धवट ठेवून चालत नाही. हो ना, सिन्नोवे?"

सिन्नोवेने नाक पुसलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती भावाच्या बाजूने बोलली. "मुळीच चालत नाही. पाच वर्षांची जबाबदारी आहे."

"तेव्हा त्यालाच विचारावं लागेल," आर्नफिन म्हणाला. "काम आहे, आई."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्गहिल्डने निळा कोट घातला, लोकरीचे हातमोजे घातले आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला. आर्नफिनने तिला वृद्धाश्रमाच्या दाराशी सोडलं.

"नातेवाईक का?" आतल्या मुलीने विचारलं.

"नाही. कामासाठी आलेय."

हाल्वदान खिडकीशी खुर्चीत होता. दाढी कोणीतरी दुसऱ्याने केलेली, हनुवटीखाली केस राहिलेले. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मुलगी म्हणाली होती, समजतं सगळं, पण शब्द फार थोडे उरलेत. खिडकीतून खाली गाव दिसत होतं, कारखाना, गल्ली, बोर्गहिल्डचं लाल छप्पर. चार महिने तो ते बघत बसला होता.

तिला पाहून तो डाव्या हाताने शेजारची खुर्ची पुढे ढकलायला लागला. ती जड होती. तीच पुढे होऊन बसली.

"घर विकतेय," ती म्हणाली. "सरकारचा कागद आहे. तुझी कामं लिहायची आहेत."

त्याने मान हलवली.

तिने वाचायला सुरुवात केली. नळ, एकोणीस. नळी, सात. कठडा, नऊ. तो लक्ष देऊन ऐकत होता, मध्येच त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. दिवा, तीन, असं ती म्हणाली तेव्हा त्याने डाव्या हाताची चार बोटं वर केली.

"चार?" तिला आठवलं. "हो. चार." तिने खोडून दुरुस्त केलं. म्हणजे तोही मोजत होता.

"ते सगळं मी ढिलं करत होते, हाल्वदान."

त्याने पुन्हा मान हलवली, शांतपणे, हवामानाची बातमी ऐकल्यासारखी. त्याला माहीत होतं. झिजलेले कोपरे त्याने एकोणीस वेळा पाहिले होते.

"आता बेसिन," ती म्हणाली. "नोव्हेंबर. तपासनीस म्हणतो, तो नट आवळलाच नव्हता. निष्काळजी माणूस, म्हणतो. घरात तेवढ्यालाच तीन मिळाले. इथे लिहायचंय, कशासाठी."

हाल्वदानने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शब्द कुठूनतरी खोलून काढावा लागत होता.

"काम," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. मग खिडकीतून खाली, लाल छपराकडे बघत राहिला.

बोर्गहिल्डने तोंडावर हात धरला. तिने ते कपाट उघडलं नव्हतं. नोव्हेंबर गेला, तो गल्लीपलीकडे वाट पाहत होता. डिसेंबरात तिला वाटलं, सणाचे दिवस, त्याला कशाला त्रास, म्हणून तिने पाना हातात घेतला नाही. नाताळला दोन्ही घरांत एकेक मेणबत्ती लागली, एकेक ताट वाढलं गेलं, चाळीस पावलांच्या अंतरावर. आणि आत, तिच्याच घरात, तो नट थेंब थेंब तिला सांगत होता. ती रडली, आवाज न करता, कोटाच्या बटणांवर थेंब पडेपर्यंत. त्याने चांगला हात पुढे केला आणि तिच्या बाहीवर ठेवला. अकरा वर्षांत त्याने तिला कधी हात लावला नव्हता.

बऱ्याच वेळाने मुलगी कॉफी घेऊन आली, दोन कप. त्यांनी ती प्यायली. बोर्गहिल्डने त्याला कप धरून दिला. नंतर तिने पेन घेऊन 'कशासाठी'पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'पुन्हा येता यावं म्हणून', आणि कागद पिशवीत घातला.

निघताना तिने एक हातमोजा घातला. दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर होता, हाल्वदानच्या हाताशी. तिने तो पाहिला. त्यानेही पाहिला.

बाहेर आर्नफिन गाडीचं दार उघडून उभा होता. वारा बोचरा होता.

"आई, तुझा दुसरा हातमोजा?"

"आत राहिला वाटतं," बोर्गहिल्ड म्हणाली आणि उघडा हात खिशात घातला. "उद्या यावं लागेल."